फ्रिजमधलं अन्न किती दिवस चांगलं? नुसत्या वासावर जाऊ नका

रानजाई (नागपूर)

नमस्कार मंडळी. उन्हाळा भरात आहे, ओट्यावरचं वरण दुपारपर्यंत तग धरत नाही, म्हणून हा धागा आत्ताच काढतेय. मी महाविद्यालयात अन्नसूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. घरोघरी दोन समज पक्के बसलेले दिसतात. फ्रिजमध्ये गेलं म्हणजे अन्न सुरक्षित झालं, हा एक. बाहेर काढल्यावर वास आला नाही म्हणजे ते खाण्याजोगं आहे, हा दुसरा. दोन्ही चूक, आणि दुसरा जास्त धोक्याचा.

अन्न नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बरेचदा वेगळे. आंबूस वास, तार सुटणं, बुळबुळीतपणा ही पहिल्यांची करणी. साल्मोनेला, स्टॅफिलोकोकस यांच्यासारखे जंतू भरपूर वाढले तरी भाजीचा रंग, वास, चव जशीच्या तशी राहू शकते. म्हणून नाक "टाकून दे" म्हणालं तर ऐकावं. "खा" म्हणालं तर त्यावर विसंबू नये. विचारायचे प्रश्न दोनच: हे अन्न किती वेळ बाहेर होतं, आणि आत ठेवलं ती जागा खरोखर किती थंड आहे?

५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. मनाजोगतं वातावरण मिळालं तर काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. या वेगाने एका जंतूचे सात तासांत वीस लाखांवर जंतू होतात. फ्रिज ही वाढ मंद करतो, जंतूंना मारत नाही. आत जाण्याआधी जे वाढलं ते तिथेच राहतं. म्हणून रांधलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात. आमच्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघर सकाळी नऊलाच तेवढं तापलेलं असतं, त्यामुळे आम्हाला तासाचाच नियम.

भाताबद्दल मुद्दाम लिहिते, कारण फोडणीचा भात आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते भात शिजला तरी मरत नाहीत. भात रात्रभर पातेल्यात बाहेर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष सकाळच्या फोडणीने जात नाही, तासभर उकळलं तरी टिकतं. असा भात खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात आणि आपण दोष देतो पित्ताला. फोडणीचा भात जरूर करा, पण रात्री जेवणं झाल्या झाल्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या भाताचा.

तुमच्या घरी काय पद्धत आहे, कुठे अडतं, लिहा.

आजोळ (पुणे)

रानजाई, धागा चांगला आहे, पण एक शंका आहे. आमच्या लहानपणी वाड्यात फ्रिज नव्हता. शिंक्यावर दूध, जाळीच्या कपाटात उरलंसुरलं, आणि रात्रीचा भात सकाळी सगळे खात. श्रावणात शीतला सप्तमीला आदल्या दिवशी रांधलेलं खाण्याची रीत तर आजही पाळली जाते. मग हे सगळं चूक होतं का?

दुसरं असं की गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये हे आम्हाला पक्कं सांगितलेलं. आमच्या घरी त्यामुळे भाजी पूर्ण गार होईस्तोवर बाहेर असते, कधी चार तास. ते बरोबर की चूक, स्पष्ट सांगावं.

रानजाई (नागपूर)

आजोळकाका, तेव्हाच्या बायकांना फ्रिज नसल्यामुळेच वेळेचं भान जास्त होतं. एका वेळेपुरतं रांधायचं, उरलं तर गाईगुरांना. रात्रीचा भात ठेवायचाच तर त्यावर ताक किंवा दही घालून ठेवत. आंबटपणामुळे बऱ्याच घातक जंतूंची वाढ रोखली जाते, त्यामुळे दहीभात नुसत्या भातापेक्षा बरा टिकतो. शीतला सप्तमीच्या पदार्थांतही तळलेलं, गोड, दह्यातलं जास्त असतं, आणि ते सहसा कोरडं तरी असतं किंवा आंबट तरी. तरीही पोटाच्या आजारांनी त्या काळी लहान मुलं दगावत, हेही आपल्याला आठवलं पाहिजे.

चार तास बाहेर ठेवणं चूक. मोठं वाफाळतं पातेलं सरळ आत ठेवू नये हे खरं, कारण त्याने शेजारचं दूध आणि काल ठेवलेली आमटी कोमट होते. पण त्यावर तोडगा आहे. परातीत गार पाणी घ्या, त्यात पातेलं ठेवा, मधूनमधून ढवळा, पाणी एकदा बदला. घरगुती पातेलं अर्ध्या तासात कोमटावर येतं. मग उथळ डब्यांत, दोन-तीन बोटं थर होईल इतकं वाटून आत ठेवा. खोल पातेल्याचा मध्यभाग फ्रिजमध्येही तासन्‌तास कोमट राहतो. मोठ्या पातेल्यातलं मटण किंवा छोले दुसऱ्या दिवशी बाधतात ते बहुतेक वेळा यामुळेच.

दुरुस्तीवाला (ठाणे)

फ्रिज दुरुस्तीत आयुष्य गेलं, त्यामुळे यंत्राच्या बाजूने लिहितो.

लोक मला "गॅस भरायला" बोलावतात आणि निम्म्या घरी गॅस ठीक असतो. दाराचं रबर सैल झालेलं असतं. दारात कागद धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाला तर तिथून गरम हवा आत जातेय. आधी रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसा, घड्यांत साचलेली चिकट घाण काढा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं, नाही झालं तर रबर बदला. फ्रिज भिंतीला चिकटवू नका, मागे किमान चार बोटं जागा हवी. मागे जाळी असेल तर तिच्यावरची धूळ वर्षातून दोनदा तरी झाडा, पण प्लग काढून.

आता मुख्य गोष्ट. सिंगल डोअर आणि डबल डोअर फ्रिजमध्ये थंडी वेगवेगळ्या जागी असते आणि हे कुणी सांगत नाही. सिंगल डोअरमध्ये, म्हणजे बर्फ साचतो त्या प्रकारात, वरच्या बर्फाच्या कप्प्यातूनच सगळी थंडी येते. त्याच्या लगेच खालचा ट्रे सगळ्यांत थंड, तळाचा भाजीचा डबा त्यामानाने कमी थंड. डबल डोअर म्हणजे सहसा फ्रॉस्ट फ्री, बर्फ न साचणारा. त्यात पंखा थंड हवा फिरवतो. तिथे मागच्या बाजूला हवेची भोकं असतात. त्यांना टेकून पातेलं ठेवलं की तेवढीच वस्तू गोठते आणि बाकी फ्रिज कोमट. कुठलाही फ्रिज असो, दार ही सर्वांत उबदार जागा. दुधाची पिशवी दारात ठेवण्याची सवय सोडा. दारात सॉस, लोणचं, पाण्याच्या बाटल्या ठेवा.

नॉबवरचा आकडा म्हणजे तापमान नव्हे. ५ वर ठेवला म्हणजे ५ अंश, असं नसतं. आकडा मोठा तेवढी थंडी जास्त, इतकंच. काही गिऱ्हाइकांनी नॉब हिवाळ्यात १ वर नेलेला असतो आणि एप्रिलमध्येही तो तिथेच असतो. खरं तापमान बघायचं तर फ्रिजचा साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. ५ अंशांच्या खाली हवं, ४ असेल तर उत्तम. फ्रीजर उणे १८.

नागपूरच्या ताईंसाठी एक. फ्रिजच्या आतल्या किंवा मागच्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. 'एन' म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८, 'टी' म्हणजे ४३. तुमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. बंद स्वयंपाकघरात शेगडी चालू असताना 'टी' वर्गाचा फ्रिजही हद्दीवर काम करतो. त्या दिवसांत फ्रिज स्वयंपाकघराबाहेर, कूलरच्या खोलीशेजारी हलवता आला तर हलवा. आणि भर दुपारी सारखं दार उघडू नका, पिण्याच्या पाण्याला माठ आहे ना.

बर्फ खरवडायला सुरी घेऊ नका. आतली नळी फुटते. आताच्या बऱ्याच फ्रिजच्या नळीत आयसोब्युटेन वायू असतो आणि तो पेट घेतो. चुकून फुस्स आवाज आलाच तर खिडक्या उघडा, काडी ओढू नका, जवळचं कुठलंही बटण दाबू नका.

मीठभाकर (नाशिक)

+१, दुधाच्या पिशवीबद्दल. आणि पिशवी आत ठेवण्याआधी धुऊन घ्या. ती क्रेटमधून, जमिनीवरून, कुणाकुणाच्या हातातून आलेली असते.

मिरीकोकम (मालवण)

माशांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांचं एक वेगळं प्रकरण आहे. हे मासे उन्हात, बर्फाशिवाय राहिले की त्यांच्यात जंतूंमुळे हिस्टामाइन नावाचं बाधणारं रसायन तयार होतं. ते कालवण रटरटून उकळलं तरी जात नाही, तळूनही जात नाही, फ्रीजरमध्ये टाकूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, छाती धडधडते. लोक म्हणतात मला बांगडा बाधतो, त्याची अॅलर्जी आहे. एखाद्या वेळी खरंच अॅलर्जी असेल, पण एरवी त्या दिवशी मासा किती वेळ उन्हात होता, हे विचारावं.

म्हणून बाजारात मासे सगळ्यांत शेवटी घ्यायचे. बर्फात ठेवलेले घ्यायचे, आणि घरी लांब जायचं असेल तर सोबत बर्फ मागून घ्यायचा. कोळीण देते, नाही म्हणत नाही. घरी आल्यावर कल्ले, आतडी लगेच काढायची, कारण जंतूंचं मोठं घर तिथेच. धुऊन, निथळून, झाकणाच्या डब्यात सगळ्यांत थंड जागी. दुसऱ्या दिवशी खायचा नसेल तर सरळ फ्रीजरमध्ये, एका वेळेपुरत्या पुड्या करून. हळद-मीठ लावलेला मासा आठवडाभर फ्रिजमध्ये चालतो असं काही जण सांगतात. तेवढ्या मिठाने मासा टिकत नाही. खारवायला लागतं तितकं मीठ आपण कालवणाच्या माशाला लावतच नाही.

सोलकढीही तशीच. नारळाचं कच्चं दूध आहे ते. गार करून त्याच दिवशी संपवायची.

दुरुस्तीवालेदादांना विचारायचं होतं. कच्चे मासे-मटण खालच्या फळीवर ठेवायचं, म्हणजे पाणी गळून शिजलेल्यावर पडत नाही, असं सगळीकडे सांगतात. तुम्ही म्हणता सिंगल डोअरला वर जास्त थंड. मग मासे कुठे ठेवू?

दुरुस्तीवाला (ठाणे)

मिरीकोकमताई, प्रश्न अगदी नेमका. सिंगल डोअर असेल तर फ्रीजरखालच्या ट्रेमध्येच ठेवा, पण घट्ट झाकणाच्या खोल डब्यात, आणि डब्याखाली ताटली. पिशवीत नको, पिशवी गळतेच. फ्रॉस्ट फ्रीमध्ये भाजीच्या डब्यावरची फळी चालेल, झाकण तिथेही हवंच.

रानजाई (नागपूर)

यात एवढंच घालते: मासे किंवा कोंबडी ठेवलेल्या ट्रेमध्ये कोथिंबीर, काकडी, कापलेलं फळ असं कच्चं खायचं काही ठेवू नका. शिजवलेल्या पदार्थात चुकून आलेले जंतू उकळताना तरी मरतील, कोशिंबिरीला ती संधी नसते. कच्चे मासे, चिकन, खिमा एक-दोन दिवस. शिजवलेलं तीन-चार दिवस, आणि खाताना हवं तेवढंच काढून चांगलं वाफ येईपर्यंत, रसभाजी असेल तर उकळी फुटेपर्यंत गरम करायचं. तेच पातेलं पुन्हा पुन्हा तापवून परत आत ठेवायचं नाही. फ्रीजरमधलं वितळवायचं तर आदल्या रात्री खालच्या फ्रिजमध्ये ठेवावं. ओट्यावर ठेवलं तर बाहेरून कोमट आणि आतून दगड, अशी गत होते.

मीठभाकर (नाशिक)

आमचा भाजीचा मळा आहे, त्यामुळे पाल्याचं सांगते. कोथिंबीर, मेथी धुऊन ठेवू नका. ओल हीच तिची वैरी. मुळं कापून, पिवळी पानं काढून, सुती फडक्यात किंवा कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. फडकं ओलं झालं की बदला. धुणं वापरायच्या वेळी. तिच्याशेजारी सफरचंद, पिकलेला आंबा, केळी, पपई नको. त्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि पानं पिवळी पडतात.

बटाटा फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने त्यातल्या स्टार्चची साखर होते, मग काचऱ्या तळताना काळ्या पडतात. कांदा-लसूण हवेशीर टोपलीत, आणि बटाट्यापासून लांब. केळी बाहेरच. आंबा अढीत पिकू द्या, पिकल्यावर मग फ्रिजमध्ये. कच्चा हापूस थंडीत ठेवला की नीट पिकतच नाही, साल सुरकुतते आणि चव पाणचट लागते. टोमॅटोही कडक असेल तर बाहेर पिकवून मगच आत.

हिवाळ्यात मटार स्वस्त असतो तेव्हा भरून ठेवतात, त्याबद्दल. दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग फडक्यावर पूर्ण कोरडे करून फ्रीजरमध्ये. उकळीची पायरी गाळली तर दाण्यातली विकरं (एन्झाइम) काम करत राहतात आणि काही महिन्यांत मटार गवतासारखा लागतो.

शेवंती (न्यू जर्सी)

इथे सगळं फॅरनहाइटमध्ये असतं. फ्रिज ४०, फ्रीजर ०, म्हणजे तुमचे ४ आणि उणे १८. भारतातून नव्याने आलेल्यांनी डायल बघताना एवढं लक्षात ठेवा. एक विनंती: आलं-लसणाची पेस्ट किंवा लसूण तेलात घालून बाटलीत ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, आणि बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला तेच हवं असतं. मी पेस्टचे बर्फाच्या ट्रेमध्ये खडे करून फ्रीजरमध्ये ठेवते.

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

वीज गेल्यावर काय करायचं, यावर कुणी लिहा. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या भागात कितीतरी दिवस वीज नव्हती. फ्रीजरमध्ये होतं ते टाकायचं की ठेवायचं, यावरून घरोघरी वाद. वरून दुकानं बंद, त्यामुळे टाकवतही नव्हतं.

रानजाई (नागपूर)

पंचगंगाकाठ, अशा वेळी अन्न टाकणं किती जिवावर येतं ते कळतं. तरी सांगते. दार बंदच राहिलं तर फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४. हे आकडे मोठ्या, वेगळ्या दाराच्या फ्रीजरचे आहेत. आपल्या सिंगल डोअरला आणि आपल्या उन्हाळ्यात बरंच कमी धरा. वीज येईपर्यंत "एकदा बघू या" म्हणून उघडू नका.

वीज आल्यावर फ्रीजरमधल्या वस्तूत अजून बर्फाचे कण असतील किंवा ती फ्रिजइतकी गार असेल तर पुन्हा गोठवता येते, चव थोडी उतरते. मासे, मटण, दूध, शिजवलेलं अन्न, कापलेली फळं दोन तासांहून जास्त कोमट राहिली असतील तर टाका. लोणचं, मुरांबा, जॅम, तूप, सॉस ठेवा. पुराचं पाणी ज्याला लागलं ते सगळं टाका, पाकीट बंद दिसत असलं तरी. अपवाद फक्त न फुगलेल्या, न गंजलेल्या पत्र्याच्या डब्यांचा, आणि तेही ब्लीचच्या पाण्याने धुतल्यावर.

पावसाळ्याआधी फ्रीजरमधल्या रिकाम्या जागेत पाणी भरलेल्या बाटल्या ठेवा, काठोकाठ न भरता. बर्फ झाला की वीज गेल्यावर तोच थंडी धरून ठेवतो.

दुरुस्तीवाला (ठाणे)

पुराचं पाणी कॉम्प्रेसरपर्यंत चढलं असेल तर वीज आल्यावर प्लग लावू नका. आधी माणूस बोलवा. फ्रिज आडवा करून हलवला असेल तर उभा केल्यावर काही तास थांबून मग चालू करा, तेल खाली बसायला वेळ लागतो.

अंगणवेल (पनवेल)

माझी रजा संपतेय, बाळ पाच महिन्यांचं आहे. अंगावरचं दूध काढून ठेवणार आहे. सासूबाई म्हणतात फ्रिजमधलं दूध बाळाला देऊ नये, आणि त्यांना काळजीच वाटते म्हणून म्हणतात, त्यामुळे मला त्यांच्याशी वाद नको आहे. नीट माहिती असेल तर त्यांना दाखवीन. शिवाय भिजवलेली कणीक रात्री ठेवली की सकाळी काळपट पडते, ती खावी का?

रानजाई (नागपूर)

अंगणवेल, सासूबाईंना नक्की दाखव. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीजरमध्ये सहा महिन्यांपर्यंत चांगलं राहतं. पनवेलच्या उन्हाळ्यात चार तासांची वाट बघू नकोस, लगेच फ्रिजमध्ये ठेव. हात धुऊन, उकळून कोरड्या केलेल्या झाकणाच्या बाटलीत. दारात नाही, मागच्या बाजूला. बाटलीवर तारीख आणि वेळ लिही, जुनं आधी वापर. देताना बाटली कोमट पाण्यात धर, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. वर साय जमून थर वेगळे दिसतात, ते नासलेलं नसतं, बाटली हलकेच फिरव. बाळाने उष्टं केलेलं दूध दोन तासांत संपवायचं, नाहीतर ओतून द्यायचं. बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा आजारी असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचार.

कणीक काळपट पडते ती गव्हातल्या विकरांमुळे, हवा लागून. नुसतं तेवढंच असेल तर घाबरण्यासारखं नाही. वरून तेलाचा हात लावून झाकणाच्या डब्यात ठेव आणि दुसऱ्या दिवशी संपव. आंबट वास आला किंवा चिकट झाली तर टाक.

आणि कुणाच्या घरी गरोदर बाई असेल तर एक वेगळी काळजी. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही सावकाश वाढतो आणि त्याने गर्भपात होऊ शकतो. तिच्यासाठी चार दिवसांचं काही नको. ताजं किंवा आदल्या दिवशीचं, तेही वाफाळतं गरम करून. मोड आलेली मटकी, मूग कच्चे न देता शिजवून द्या.

आजोळ (पुणे)

परातीचा उपाय घरी सुरू केला. आता औषधाबद्दल विचारतो. माझं इन्सुलिन फ्रिजच्या दारात अंड्यांच्या कप्प्यात असतं. दार गरम म्हणता, तर ते बर्फाच्या कप्प्याजवळ हलवू का?

रानजाई (नागपूर)

काका, बर्फाजवळ अजिबात नको. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. ते गोठलं की निकामी होतं, आणि पुन्हा वितळल्यावर बघून कळत नाही. मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकता, झाकणाच्या छोट्या डब्यात ठेवा. सध्या वापरात असलेलं किती दिवस बाहेर चालतं ते त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, पण तेही २५-३० अंशांचं गृहीत धरून. पुण्यात एप्रिल-मे मध्ये दुपारी खोली त्याहून तापते, त्यामुळे वापरातलं कुठे ठेवायचं ते डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारून घ्या. आणि तो थर्मामीटर त्याच फळीवर ठेवून बघा.

दुरुस्तीवाला (ठाणे)

काका, सिंगल डोअर असेल तर थंडीत नॉब खाली आणायला विसरू नका. उन्हाळ्यात मोठ्या आकड्यावर ठेवलेला नॉब डिसेंबरात तसाच राहिला तर मधल्या फळीवरही वस्तू गोठतात.